बंदी संपली म्हणजे परत आलो असं नसतं: डोपिंगनंतर सायकल रेसिंगमध्ये परतायचा सगळा रस्ता, पायरी पायरीने

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रायडरच्या घरी बसलो होतो, त्याच्या आईने आणून ठेवलेले पोहे तसेच गार होत होते आणि आम्ही तिघं, म्हणजे तो, त्याचा मोठा भाऊ आणि मी, भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर पसरून दिवस मोजत होतो. पोराला वाटत होतं की बंदी निकालाचं पत्र आलं त्या दिवसापासून सुरू झाली. पत्राच्या दुसऱ्या पानावर स्पष्ट लिहिलेलं की तात्पुरतं निलंबन स्वीकारलं त्या दिवसापासून मोजायची, म्हणजे त्याचे साडेचार महिने आधीच भरलेले. आनंदच की, पण तेवढ्यात भावाच्या लक्षात आलं की पठ्ठ्याने शेजारच्या जिल्ह्यातल्या एका रेसची एंट्री फी भरून ठेवलीय, "छोटी रेस आहे, कोण बघतंय" म्हणून. ती रेस मान्यताप्राप्त संघटनेची. त्या सकाळी तो स्टार्टला उभा राहिला असता तर अख्खी बंदी परत पहिल्यापासून बोकांडी बसली असती.

तेव्हापासून हे नीट लिहून काढायचं डोक्यात होतं. परत येण्याची तयारी म्हटलं की सगळे पायांचा विचार करतात, वॅट, वजन, किलोमीटर. पाय येतात परत. अडतं ते कागदांवर आणि माणसांवर, आणि ती दोन्ही कामं बंदीच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करावी लागतात. उदाहरणं मी युरोपातल्या प्रो रायडरची देतोय कारण त्यांच्या केसेस उघड आहेत, पण नियम मुळात एकच, वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेचा कोड. वर्ल्डटूरवाल्यांना, म्हणजे सगळ्यात वरच्या प्रो टीमना, तो यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) नियमांतून लागू होतो (त्यांचं टेस्टिंग २०२१ पासून आयटीए ही संस्था बघते), आपल्याकडच्या रायडरला नाडा या भारतातल्या डोपिंगविरोधी संस्थेमार्फत. खाली जे आहे ते २०२१ च्या कोडप्रमाणे आहे, १ जानेवारी २०२७ पासून नवा कोड लागू होतोय, त्यामुळे तुमच्या केसला कुठला लागतो ते आधी वकिलाला विचारून घ्या.

पायरी १: निकालपत्र पेन घेऊन वाचा

तीन गोष्टींखाली रेघ मारा. बंदी कुठल्या तारखेपासून मोजलीय, निलंबनात गेलेले दिवस वजा केलेत का, आणि कुठल्या तारखेनंतरचे निकाल रद्द झालेत.

स्पॅनिश रायडर काँतादोरचं उदाहरण घ्या, यात तिन्ही गोष्टी आहेत. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये (पुढे नुसतं टूर) विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या सँपलमध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, मिलिलीटरला ५० पिकोग्रॅम, म्हणजे अगदी कणभर. ऑगस्टपासून निलंबन, मग फेब्रुवारी २०११ मध्ये स्पॅनिश फेडरेशनने निर्दोष सोडलं, तो रेसिंगला लागला, जिरो म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची रेस जिंकला. मग फेब्रुवारी २०१२ मध्ये कॅस म्हणजे लोझानच्या क्रीडा लवादाने दोन वर्षांची बंदी दिली, ती मोजली २५ जानेवारी २०११ पासून आणि त्यातून आधीच्या निलंबनाचे ५ महिने १९ दिवस वजा केले. हिशोब लागला ५ ऑगस्ट २०१२ चा. ६ ऑगस्टला भाऊ एनेको टूरच्या स्टार्टलाइनवर. पण मधल्या काळात जिंकलेलं सगळं गेलं, २०१० ची टूर तर गेलीच, २०११ चा जिरोही गेला. म्हणून अपील चालू असताना रेस करत राहणाऱ्याने हे मनात धरूनच रेस करावी.

निलंबनाचे दिवस वजा व्हायला एक अट असते, निलंबन खरोखर पाळलेलं पाहिजे. स्वतःहून स्वीकारलं असेल तर ते लेखी दिलेलं हवं, तोंडी सांगितलेलं मोजत नाहीत.

दंड, सुनावणीचा खर्च, परत करायची बक्षिसाची रक्कम, हे सगळं त्याच पत्रात असतं. हप्ते पाडून मागा, पण भागवा आणि पावत्या एका फाईलला लावा. लायसन्स काढायच्या वेळी जुनी थकबाकी वर आली तर सीझन तिथेच जातो.

आणि अजून निकालच लागायचा असेल तर हे वाचा: आरोपाच्या पत्रात चार वर्षांची किंवा त्याहून मोठी बंदी मागितली असेल आणि तुम्ही २० दिवसांत कबूल करून शिक्षा स्वीकारली तर एक वर्ष कमी होतं. वीस दिवस म्हणजे काहीच नाही, निम्मे तर रडण्यात आणि फोन न उचलण्यात जातात. खरंच घेतलेलं असेल तर त्या वीस दिवसांत वकील गाठा.

पायरी २: बंदीत काय चालत नाही, ते घरच्यांनाही सांगा

बंदी म्हणजे फक्त रेस करायची नाही असं नाही. कोड मान्य केलेल्या कुठल्याही संघटनेच्या, तिच्या सदस्य संघटनेच्या किंवा क्लबच्या कार्यक्रमात कुठल्याही नात्याने भाग घ्यायचा नाही. कॅम्प नाही, क्लबचं ट्रेनिंग नाही, टीमच्या गाडीतून बाटल्या देणंही नाही. दुसऱ्या खेळातही नाही. आर्मस्ट्राँग २०१२ मध्ये ट्रायथलॉन करत होता, केस उभी राहिल्याबरोबर तिथून बाहेर, आणि २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मास्टर्स पोहण्याच्या स्पर्धेत नाव दिलं तर तिथूनही माघार घ्यावी लागली, कारण जलतरणवालेही त्याच कोडखाली येतात. म्हणजे सायकलची बंदी आहे तर चला हाफ मॅरेथॉन मारू, हे डोक्यातून काढा.

मोडलं तर काय होतं? त्या रेसचा निकाल रद्द आणि मूळ बंदी जेवढी होती तेवढीच नवी बंदी शेवटाला जोडली जाते. चूक किती होती ते बघून कमी होऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. ज्या कोचने किंवा मॅनेजरने जाणूनबुजून तुम्हाला घुसवलं त्याच्यावरही कारवाई होते.

काय चालतं? एकट्याने राइड, मित्रांबरोबर रस्त्यावर राइड, घरचा ट्रेनर, स्वतःच्या पैशाचा कोच (तो स्वतः बंदीत नसेल तर). मग शेवटचा टप्पा येतो, ज्यात टीमबरोबर किंवा क्लबच्या सोयी वापरून ट्रेनिंग करता येतं: शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा पाव भाग, दोन्हीत जे कमी असेल ते. चार वर्षांची बंदी असली तरी दोनच महिने, चार महिन्यांची असेल तर एक महिना. ही तारीख कॅलेंडरवर हिरव्या पेनाने लिहा, रेसिंगची तारीख लाल पेनाने.

पायरी ३: रागाच्या भरात रिटायर होऊ नका

हे फार लोकांना माहीत नसतं. बंदीत असताना रिटायरमेंट जाहीर केली आणि मग मन बदललं, तर परत रेस करायच्या आधी सहा महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्या सगळ्या काळात टेस्टिंगला हजर राहावं लागतं. रिटायर होताना बंदीचे सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस शिल्लक असतील तर तेवढी मोठी नोटीस. विनोकुरोवची भानगड साधारण याच जातीची. २००७ च्या टूरमध्ये दुसऱ्याचं रक्त चढवल्याबद्दल सापडला, कझाक फेडरेशनने एकच वर्ष दिलं, तो रिटायर झाला, मग परत यायचं म्हणाला, तेव्हा यूसीआय अडून बसली की दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही. शेवटी २००९ च्या उन्हाळ्यात परतला.

म्हणून चिडून पोस्ट टाकू नका, फेडरेशनला पत्र तर अजिबात पाठवू नका. झोपा, आठवडाभर थांबा.

पायरी ४: टेस्टिंग चालूच असतं, आणि दारावरची बेल ऐकू आली पाहिजे

टेस्टिंग पूलमध्ये असाल तर बंदीतही तुमचा ठावठिकाणा अॅडम्स नावाच्या सिस्टिममध्ये भरत राहायचा असतो. रात्री कुठे झोपणार, ट्रेनिंग कुठे, आणि रोज पहाटे ५ ते रात्री ११ च्या मधला एक तास, ज्या वेळी तुम्ही सांगितलेल्या जागी शंभर टक्के सापडाल. बारा महिन्यांत तीन चुका, मग ती भरायची राहिलेली माहिती असो वा चुकलेली टेस्ट, की तो स्वतंत्र गुन्हा, दोन वर्षांपर्यंतची बंदी.

बहुतेक जण पहाटेचा तास देतात कारण तेव्हा माणूस अंथरुणातच असतो. मग बेल बंद पडलेली चालत नाही, सोसायटीच्या वॉचमनला नाव माहीत पाहिजे, फोन सायलेंटवर असला तर आईला सांगून ठेवायचं. टेस्टर आला की त्याच्या नजरेआड व्हायचं नाही. लघवी किमान ९० मिली लागते, कमी पडली तर थांबायचं, पाणी पीत बसायचं. बायोलॉजिकल पासपोर्टसाठी (रायडरच्या रक्ताच्या आकड्यांची कायम ठेवलेली नोंद) रक्त घेणार असतील तर आधी दहा मिनिटं शांत बसवतात. बाटल्यांचे सील आणि नंबर स्वतः तपासा, फॉर्मवर गेल्या सात दिवसांतली प्रत्येक गोळी, प्रत्येक पावडर लिहा, सर्दीची सुद्धा. आणि फॉर्मची तुमची कॉपी फाईलला.

ठिकाण खोटं सांगू नका, कधीच. रासमुसेन २००७ च्या टूरमध्ये पिवळ्या जर्सीत होता, जिंकायच्या बेतात होता, आणि त्याच्याच टीमने त्याला रात्रीतून घरी पाठवलं, कारण त्याने मेक्सिकोत आहे म्हणून सांगितलं आणि एका माजी रायडरने त्याला इटलीत डोलोमाइट्समध्ये ट्रेनिंग करताना पाहिलेलं. दोन वर्षांची बंदी झाली. परत आला तेव्हा छोट्या टीम मिळाल्या, मोठ्या टीमची दारं कधीच उघडली नाहीत.

पायरी ५: काय सांगायचं ते ठरवा, आणि एकदाच सांगा

मला विचाराल तर ही सगळ्यात अवघड पायरी, त्यामुळे इथे जरा थांबतो.

ब्रिटिश रायडर डेव्हिड मिलरला जून २००४ मध्ये फ्रेंच पोलिसांनी बियारित्झजवळ जेवणाच्या टेबलावरून उचलला. घरात वापरलेल्या सुया सापडल्या. कोठडीत त्याने ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) घेतल्याचं कबूल केलं आणि ते कबूल करताना २००३ चं टाइम ट्रायलचं विश्वविजेतेपदही गेलं. दोन वर्षं गेली. परत आल्यावर मात्र त्याने प्रत्येक पत्रकाराला तीच गोष्ट सांगितली, काय घेतलं, का घेतलं. २००८ पासून वाडाच्या खेळाडू समितीत बसला. २०१२ मध्ये टूरचा स्टेज जिंकला आणि त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला गेला (ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेचा डोपिंगवाल्यांना कायमची बंदी हा नियम कॅसने त्या एप्रिलमध्ये रद्द केला म्हणून).

दोन वर्षांची बंदी भोगलेल्या इटलीच्या बासोने अर्धवट सांगितलं, की मी डोपिंगचा फक्त प्रयत्न केला, प्रत्यक्षात केलं नाही. पण परत येताना त्याने आल्दो सास्सी या कोचबरोबर काम केलं, आपले रक्ताचे आकडे लोकांसमोर ठेवले, आणि २०१० चा जिरो जिंकला. लोकांनी शब्दांवर नाही तर आकड्यांवर थोडाफार विश्वास ठेवला.

आणि स्पेनचा वाल्वेर्दे. ऑपरेशन पुएर्तो या स्पॅनिश पोलिसांच्या डोपिंग तपासात सापडलेली १८ नंबरची रक्ताची पिशवी इटलीवाल्यांनी डीएनएवरून त्याची ठरवली, त्यांच्याकडे तुलनेला सँपल आलं होतं २००८ ची टूर इटलीत शिरली तेव्हा. दोन वर्षांची बंदी, कधी काही कबूल केलं नाही. जानेवारी २०१२ ला टूर डाउन अंडरमध्ये परतला आणि विलुंगा हिलचा स्टेज जिंकला. २०१८ ला इन्सब्रुकमध्ये विश्वविजेता, २०२२ पर्यंत रेसिंग. म्हणजे गप्प राहून चालत नाही असं मी म्हणू शकत नाही, चाललं. पण त्याच्यामागे त्याला परत घ्यायला तयार असलेली घरची टीम होती आणि त्याचे पाय वाल्वेर्देचे होते. आणि आजही त्याचं नाव निघालं की पुएर्तो निघतंच, मिलरच्या बाबतीत तो विषय त्याने स्वतःच संपवलाय.

त्यामुळे माझा सल्ला असा की बंदीच्या पहिल्या सहा महिन्यांत दोन पानं लिहा. काय झालं, कुणी दिलं, मला काय माहीत होतं. नकळत घडलं असेल तर तेही तितकंच सविस्तर, कुठली पावडर, कुठल्या बॅचची, कुठल्या दुकानातली. आधी वकिलाला दाखवा, मग घरच्यांना वाचून दाखवा. ते वाचताना जिथे आवाज अडखळतो तिथेच पत्रकार बोट ठेवणार आहे. मग प्रत्येकाला तेच सांगायचं, दर मुलाखतीत नवा तपशील बाहेर यायला लागला की माणूस संपतो.

दुसऱ्यांबद्दल माहिती असेल आणि ती तपासाला खरंच उपयोगी पडली तर बंदीचा तीन चतुर्थांशापर्यंतचा भाग स्थगित होऊ शकतो. यात भीती असते, ती खरी असते, मी कुणाला सहज दे म्हणून सांगणार नाही. पण विचारायला हरकत नाही, आणि विचारायचं ते वकिलामार्फत.

पायरी ६: टीम शोधणं

इथे नियम वेगळा आणि बाजार वेगळा. कोडप्रमाणे बंदी संपली की तुम्ही मोकळे. पण एमपीसीसी नावाची टीमची स्वेच्छा संघटना आहे, २००७ पासूनची, तिच्या सदस्य टीम सहा महिन्यांपेक्षा मोठी बंदी भोगलेल्या रायडरला पुढची दोन वर्षं घेत नाहीत. म्हणून टीमची यादी करताना पहिला कॉलम तोच करा, सदस्य आहे की नाही. उलिस्सीला २०१४ च्या जिरोतल्या साल्ब्युटामॉल या दम्याच्या औषधाबद्दल नऊ महिने झाले, त्याची लाम्प्रे टीम एमपीसीसीत होती, टीमने रायडर ठेवला आणि संघटना सोडली. तो २०१५ च्या जिरोत स्टेज जिंकला. असं नशीब सगळ्यांचं नसतं.

आर्मस्ट्राँग केसमधल्या रायडरचं बघा. लायफायमर, डॅनियलसन, व्हँडे वेल्डे, झब्रिस्की, चौघांनी आर्मस्ट्राँगविरुद्ध साक्ष दिली, चौघांना सारखीच सहा महिन्यांची बंदी. तिघांची टीम गार्मिन, तिने सांभाळून घेतलं, मार्च २०१३ नंतर ते रेसिंगला परत. लायफायमरच्या टीमने त्याला काढलं आणि त्याचं करिअर तिथेच थांबलं. गुन्हा सारखा, शिक्षा सारखी, फरक फक्त मागे उभं राहणाऱ्या माणसांचा. म्हणून बंदीच्या काळात जुन्या मॅनेजरला दर तीन महिन्यांनी फोन करा, नोकरी मागायला नाही, काय चाललंय ते सांगायला.

किंताना तर बघा, २०२२ च्या टूरमध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक सापडलं, तेव्हा ते वाडाच्या यादीत नव्हतं, फक्त यूसीआयची मनाई होती, त्यामुळे बंदी नाही, फक्त टूरमधला सहावा नंबर गेला. तरी २०२३ चं अख्खं वर्ष टीम मिळाली नाही, २०२४ ला मोव्हिस्टारने घेतलं.

पैशाचं आधीच ठरवा. दि लुका २०११ ला कातुशामध्ये पगाराशिवाय उतरला होता. पहिलं वर्ष कमी पैशात जाणार हे धरून घरखर्चाचा हिशोब बायकोबरोबर, आईवडिलांबरोबर मांडा. तंगीत असलेल्या रायडरकडेच चुकीची माणसं येतात.

पायरी ७: यादी बदललेली असते, खेळही बदललेला असतो

वाडाची यादी दर १ जानेवारीला नवी येते. २०२१ ला बाहेर गेलेला रायडर आज परत आला तर त्याच्या मागे हे बदललंय: ग्लुकोकॉर्टिकॉइडची (सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडची) इंजेक्शनं, गुडघ्यात घेतलेली सुद्धा, २०२२ पासून स्पर्धेच्या काळात बंद. ट्रॅमाडॉल २०२४ पासून यादीत. सलाइन किंवा ड्रिप १२ तासांत १०० मिलीच्या वर नाही, हे जुनंच आहे पण तापात अशक्त झाल्यावर गावाकडचा डॉक्टर पहिलं तेच लावतो. रेसमध्ये टॉप ट्यूबवर (सायकलच्या वरच्या दांड्यावर) बसून उतार उतरायची पद्धत २०२१ पासून बंद, आणि २०२५ पासून फुटबॉलसारखी पिवळी कार्डं आलीत.

औषध लागत असेल तर टीयूई म्हणजे उपचारासाठीची लेखी परवानगी आधी, गोळी नंतर. सायमन येट्सला २०१६ मध्ये दम्याच्या इनहेलरमधल्या टर्ब्युटालिनमुळे चार महिने बसावं लागलं, कारण टीमच्या डॉक्टरकडून अर्ज करायचा राहिला, टीमने चूक मान्य केली, पण बंदी रायडरलाच. तो परत येऊन २०१८ ची व्हुएल्टा (स्पेनची तीन आठवड्यांची रेस) जिंकला, पण ते चार महिने कोण परत देणार. म्हणून परवानगीची कॉपी स्वतःच्या मोबाइलमध्ये हवी.

माणसंही तपासा. बंदीत असलेल्या डॉक्टर-कोचबरोबर काम करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पोझ्झातो आणि स्कार्पोनी, दोघांना २०१२ मध्ये डॉक्टर मिकेले फेरारीकडे गेल्याबद्दल तीन-तीन महिने झाले, कुठलंही औषध न सापडता.

आणि दुसऱ्यांदा सापडलात तर पुढे रस्ता नाही. रिक्को २००८ ला सापडला, परत आला, २०११ ला रक्त चढवण्याच्या नादात मरता मरता वाचला, मग बारा वर्षं. दि लुका २०१३ ला ईपीओमध्ये परत सापडला, आजन्म. दोघंही जुन्याच माणसांच्या, जुन्याच सवयींच्या जवळ राहिले असं मला त्यांच्या केसेस वाचून वाटतं.

पायरी ८: पाय, आणि पहिली रेस

यावर कमी लिहितो कारण कोच आहेतच. एकट्याच्या ट्रेनिंगमध्ये दोन गोष्टी येत नाहीत, वारंवार बसणारे झटके, म्हणजे अचानक वाढणारा वेग, आणि घोळक्यातली भीती जाणं. झटक्यांसाठी स्कूटरच्या मागे ट्रेनिंग, चालवणारा भरवशाचा. घोळक्यासाठी ते शेवटचे दोन महिने, त्यात वॅट मोजत बसू नका, चाकाला चाक लावून उतरणीवर बसा. कोपऱ्यात ब्रेकला बोट जातंय का ते बघा.

पहिली रेस छोटी आणि शेवटची तारीख उलटल्यावर लगेच. बासो २४ ऑक्टोबर २००८ ला मोकळा झाला आणि त्याच आठवड्याअखेर जपान कपमध्ये तिसरा आला, मग अख्खा हिवाळा हाताशी. मिलरची बंदी संपली आणि आठवडाभरात तो थेट २००६ च्या टूरला उभा, तीन आठवडे. झेपलं त्याला, पण तसं कुणी ठरवून करू नये. आपल्याकडे आता पुण्यात यूसीआयची स्टेज रेस व्हायला लागलीय, मोह होणार, तरी आधी दोन-तीन एक दिवसाच्या रेस काढा.

लायसन्सचा अर्ज महिनाभर आधी. फाईलमध्ये निकालपत्र, पावत्या, टेस्टच्या फॉर्मच्या कॉप्या, आणि शेवटच्या तारखेबद्दल फेडरेशनचं लेखी पत्र. त्या सकाळी फाईल गाडीत ठेवा, कमिसेअर म्हणजे रेसचा पंच विचारेल. काही जण हात मिळवणार नाहीत, त्यांच्याशी वाद घालू नका, ते बरोबर आहेत की चूक हे स्टार्टलाइनवर ठरत नाही.

फिनिशनंतर सरळ टीमच्या गाडीकडे जाऊ नका. डोपिंग कंट्रोलच्या बोर्डावर आपला नंबर आहे का बघा, बहुतेक असणारच. ओळखपत्र घ्या, पाण्याची बंद बाटली स्वतः उघडा, आणि चॅपेरॉनच्या (टेस्टपर्यंत तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या) बरोबर आत जा.